बर्फात चाललात? वादळ थांबलं म्हणून लगेच निघू नका बाप्पा

आपल्या यवतमाळकडचे पोट्टे आता दर हिवाळ्यात मनाली नाहीतर उत्तराखंडातला केदारकांठा ट्रेक करतात, पण बर्फ आपल्याला माहीत तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा, म्हणून लिहून ठेवतो.

घरात रचलेल्या कापसाच्या ढिगाला लहानपणी खालून बोगदा करायचो आणि वरचा कापूस भसकन अंगावर यायचा, आठवते का? हिमस्खलन जवळपास तसंच. रात्रभरात फूटभर नवा बर्फ पडतो, वारा तो उडवून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला आणून लादतो, आणि खालचा थर कच्चा असला की वरची अख्खी लादी सुटते. ओरडल्यानं सुटत नाही, ते सिनेमातलं. वजनानं सुटते, आणि बरेचदा सापडलेल्याच्या नाहीतर त्याच्या सोबत्याच्याच वजनानं.

३० ते ४५ अंशाचा उतार सगळ्यात वाईट. मोबाईलमध्ये उतार मोजायचं ॲप टाका, काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून त्यावर मोबाईल ठेवला की आकडा दिसतो. पण तुम्ही सपाटीवर असाल आणि डोक्यावर तसा उतार असेल तरी तेवढाच धोका. पायाखाली धप्प असा दबका आवाज आला, चिरा पळाल्या, की आल्या पावली परत.

आता मेन गोष्ट. वादळात कोणी बाहेर पडतच नाही, गडबड होते ती नंतर. ऊन पडते, आभाळ निळं होते, सुट्टी संपत आलेली असते, आणि नेमके तेच २४ ते ४८ तास लय धोक्याचे. सिक्कीममधल्या नथू ला खिंडीच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ ला हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले, तेही साधे फिरायला आलेले लोक होते. आमच्या ड्रायव्हरनं मनालीजवळच्या सोलंगला गाडी पुढं नेली नाही तर आमचे पोट्टे त्याच्याशी भांडले, पैसे भरले म्हणे!

ट्रेकला प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (दबलेला माणूस कुठं आहे ते सिग्नलवरून सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं पाहिजे, ट्रेकवाल्या कंपनीला आधीच विचारा. उतार ओलांडताना एकेकानं जायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. अंगावर आलंच तर बाजूला निघायची धडपड करा, थांबायच्या आत तोंडापुढं हातानं पोकळी करा, कारण थांबल्यावर बर्फ सिमेंटसारखा घट्ट होते, बोटही हलत नाही. जे दबले नाहीत त्यांनी माणूस शेवटचा दिसला ती जागा धरून खालपर्यंत लगेच शोधायचं, १५ मिनिटांनंतर वाचायची शक्यता झपाट्यानं कमी होते, त्यामुळे मदत येईपर्यंत बसून राहायचं नाही.

आणि परतीचं तिकीट दोन दिवस उशिराचं काढा. आम्ही काढलं नव्हतं, राजमा-चावल खात हॉटेलात बसलो आणि रिझर्वेशन गेलं.