पेस्ट्री क्रीम उकळू द्या, फाटत नाही

आपल्याकडे कस्टर्ड म्हटलं की डब्यातली पिवळी पावडर दुधात कालवायची, वरून फळं टाकायची, झालं. ती पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डनं काढली, त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून, त्यामुळे तिच्यात अंडं नसतंच. फ्रेंच पेस्ट्री क्रीमची, म्हणजे टार्टमध्ये भरतात त्या घट्ट कस्टर्डची, क्रेम पातिसिएरची, सगळी चव मात्र बलकातच आहे, आणि एकदा घरी केली की पावडरकडे परत जावंसं वाटत नाही, खरंच.

अर्धा लिटर फुल क्रीम दूध, ४ मोठ्या अंड्यांचे बलक, १०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ३० ग्रॅम बिनमिठाचं बटर, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिला. जाड बुडाचा स्टीलचा गंज घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा नको, त्यात व्हिस्क घासला गेला की क्रीम राखाडी पडतं.

आधी निम्मी साखर दुधात टाकून मंद गॅसवर ठेवा. व्हॅनिलाची शेंग असेल तर चिरून दाणे आणि साल दोन्ही दुधातच टाका, इसेन्स असेल तर तो शेवटी, गॅस बंद केल्यावर. दूध तापेपर्यंत उरलेली साखर आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून बलकात घाला आणि लगेच फेटा. साखर बलकावर टाकून फोन घ्यायला गेलात तर ती बलकातलं पाणी ओढून घेते आणि बारीक कडक कण होतात, ते मग कितीही फेटा जात नाहीत.

दुधाला कडेनं बुडबुडे आले की पळीभर दूध बलकात, हात न थांबवता, मग अजून एक पळी, असं करत निम्मं दूध घालून झालं की ते सगळं परत गंजात ओता आणि मध्यम आचेवर ढवळत राहा, व्हिस्क बुडाच्या कोपऱ्यापर्यंत गेला पाहिजे कारण लागतं ते तिथेच.

आता खरी गोष्ट. मिश्रण एकदम घट्ट होतं आणि सगळे तिथेच गॅस बंद करतात, अंडं फाटेल म्हणून. मीही सुरुवातीला असंच करायची, रात्री छान घट्ट क्रीम फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी पाहते तर ताकासारखं पातळ! बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पुरेसं तापलं नाही तर जिवंत राहतं आणि रातभर कॉर्नफ्लोअरचा स्टार्च खात बसतं. म्हणून मधोमध मोठे फुगे फुटून रटरट आवाज यायला लागला की तिथून पुढे पूर्ण एक ते दीड मिनिट ढवळत शिजू द्यायचं. अंडं फाटत नाही कारण फुगलेला स्टार्च बलकातल्या प्रोटीनला एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. क्रेम आंग्लेझ, म्हणजे बिनस्टार्चचं पातळ कस्टर्ड, मात्र उकळलं की हमखास फाटतं, ही भीती तिकडूनच आलेली आहे.

गॅस बंद, बटर घालून फेटा, गाळणीतून पसरट ताटात गाळा, आणि क्लिंग फिल्म अगदी क्रीमला चिकटवून लावा नाहीतर वर साय धरते. आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत हे ओट्यावर निवत बसणार नाही आणि अंड्याचा पदार्थ बाहेर ठेवूही नये, ताट बर्फाच्या पाण्यावर ठेवून थोडं निवलं की सरळ फ्रिजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. गार झालं की वडीसारखं थिजतं, काही बिघडलेलं नाही, व्हिस्कनं फेटलं की परत मऊसूत.

संत्र्याच्या दिवसांत मी व्हॅनिलाऐवजी एका संत्र्याची साल किसून दुधात दहा मिनिटं मुरवते, मग दूध गाळून घेते. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणं जमतच नाही, म्हणून अख्खं फळ हातात धरून हलक्या हातानं वरचा केशरी भागच किसा, पांढरा कडू लागतो. रस दुधात अजिबात नको, दूध फाटेल. टार्ट करायचा कंटाळा आला तर ग्लासात मारी बिस्किटाचा चुरा, त्यावर क्रीम, आणि वर त्याच संत्र्याच्या पाकळ्या पांढरी साल काढून.