फौजेच्या कागदात बायकोचं नाव चुकलंय? दुरुस्ती कुठून सुरू करायची

कोकणात माजी सैनिकाच्या घरी काळी लोखंडी ट्रंक असतेच. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेला आर्मी नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आमची ट्रंक माळ्यावर असायची आणि वर्षातून एकदा, पाऊस संपला की, ओटीवर उन्हात उघडून ठेवली जायची. डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं सेवेचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दोन मेडलं, डांबरगोळ्या. कागद सगळे जपलेले, पण कोणी वाचले नव्हते.

वाचले ते स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर माहिती पडताळायची वेळ आली तेव्हा. आईचं नाव आधारवर सुनंदा, पीपीओवर सुनीता. जन्मतारखेची जागा कोरी. वडिलांनी आईकडे पाहिलं, आई म्हणाली, "माका काय विचारतास, तुमीच लिवन दिलास." वडील सुट्टीवर येऊन लग्न करून परत गेले होते आणि युनिटमधल्या हिंदी बोलणाऱ्या क्लार्कला तोंडी नाव सांगितलं होतं. पुढची पस्तीस वर्षं ते कोणाला दिसलंच नाही.

आपल्याकडे अशा चुकांना कारणंही ठरलेली आहेत. लग्नात मुलीचं नाव बदलतं, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, कधी आडनावाऐवजी गावाचं नाव लागतं. उत्तरेकडच्या क्लार्कला 'ळ' ऐकूच येत नाही, म्हणून काळे जाऊन काले होतात. एकाच घरात सावंत दोन स्पेलिंगांनी नांदतात. माणगावच्या पळसगावचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे इंग्रजी कागदांत 'येशवंत' आहेत, तिथे आपली काय कथा.

आधी चूक जन्मली कुठे ते शोधा

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे. बहुतेक जण बँकेत जातात, बँक स्पर्शकडे बोट दाखवते, स्पर्श सेवानोंद ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे, आणि सहा महिने जातात. म्हणून एका दुपारी सगळे कागद ओटीवर मांडा आणि वहीत आडवे रकाने पाडा: डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, स्पर्शवरची माहिती, आधार, पॅन, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी. प्रत्येकातलं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर उतरवा. 'साधारण तेच आहे' म्हणून सोडू नका, एका 'ए' आणि 'आय'वरून अर्ज परत आलेले मी पाहिलेत.

वही भरली की उत्तर समोर दिसतं. डिस्चार्ज बुकात बरोबर आणि पीपीओवर चूक असेल, तर चूक पेन्शन मंजूर होताना झाली. दोन्हीत बरोबर आणि फक्त स्पर्शवर चूक असेल, तर जुनी माहिती नव्या यंत्रणेत चढवताना गडबड झाली. ही दुरुस्ती सगळ्यात सोपी, लॉगिन करून कागद अपलोड करून मागता येते. घरात कोणाला जमत नसेल तर गावातल्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात होतं. फौजेचे सगळे कागद बरोबर आणि आधारच चुकलेलं असेल, तर फौजेला त्रास देऊ नका, आधार सुधारा. पण घाई नको: आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते, नाव दोनदा. कुठली तारीख कायम ठेवायची ते ठरवूनच ती संधी वापरा.

आणि डिस्चार्ज बुकापासूनच चूक असेल, तर रेकॉर्ड ऑफिसला गाठण्यावाचून इलाज नाही.

कुठलं रेकॉर्ड ऑफिस

ज्या रेजिमेंटमधून वा कोअरमधून निवृत्ती झाली, तिचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात, म्हणजे सावंतवाडीकरांना आंबोली घाट चढला की आलंच. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. नौदलातल्या खलाशांचं काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधून चालतं, हवाई दलातल्या एअरमनचं दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधून.

तिकडे थेट गाडी पकडण्याआधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रत्नागिरीला आहे, सिंधुदुर्गात ओरोसला, रायगडात अलिबागला. तिथले कल्याण संघटक स्वतः बहुधा माजी सैनिकच असतात आणि कुठलं रेकॉर्ड ऑफिस कुठला नमुना मागतं हे त्यांना ठाऊक असतं. अर्जावर त्यांची सही-शिक्का आणि पुढे पाठवल्याची नोंद असली की वजन वेगळं पडतं. एजंटला पैसे देऊ नका. जे तो करतो ते हे कार्यालय फुकट करतं.

पुरावे

बायकोच्या नावासाठी सगळ्यात भक्कम कागद विवाह नोंदणीचा. जुन्या लग्नांची नोंद नसतेच. ती आताही करता येते, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच निबंधक असतात. त्यासोबत दोघांचं आधार, पॅन, जोडीचा फोटो आणि प्रतिज्ञापत्र. नाव पूर्णच वेगळं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती बहुधा मागतात, त्यामुळे आधी फोन करून विचारा आणि मगच खर्च करा. प्रतिज्ञापत्र तहसीलदारांपुढचं चालेल की न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं हवं, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

प्रतिज्ञापत्रात फिरवाफिरव नको. "माझ्या सेवानोंदीत पत्नीचं नाव सुनीता असं लागलं आहे, तिचं खरं नाव सुनंदा आहे, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे" एवढं पुरे. मात्र हे हिंदीत किंवा इंग्रजीत करा. सागरच्या आणि जबलपूरच्या टेबलावर मराठी कागद पडून राहतो. शाळेचा दाखला मराठी असेल तर साक्षांकित भाषांतर जोडा.

डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन करू नका. आमच्या दमट हवेत मोह होतो, कबूल. पण लॅमिनेशन केलेल्या पानावर पुढे काही नोंद करायची झाली तर ते फाडावं लागतं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, वाळवीपासून उंच ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये. बुक हरवलंच असेल तर ट्रंकेच्या झाकणाकडे बघा. तो आर्मी नंबर हाताशी असला तर पुढचा पत्रव्यवहार उभा राहतो.

अर्ज आणि त्यानंतरचा प्रवास

अर्ज मुख्य अभिलेख अधिकाऱ्यांच्या नावे. पहिल्याच ओळीत आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव, तेही नोंदीत सध्या जसं आहे तसंच, चुकीसकट. नाहीतर त्यांना फाइलच सापडत नाही. मग सध्याची नोंद काय, हवी ती काय, सोबत कुठले कागद. पीपीओ नंबर, मोबाइल, पत्ता. पत्ता गावचा द्या, मुलाच्या डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीचा नको. उत्तर येईपर्यंत तो खोली बदलतो. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती पीपीओच्या प्रतीला टाचा.

पुढे काय घडतं ते समजून घेतलं तर पाठपुरावा सोपा जातो. रेकॉर्ड ऑफिस कागद तपासून पार्ट टू ऑर्डर काढतं. नौदलात जेनफॉर्म म्हणतात, हवाई दलात पीओआर. ही ऑर्डर म्हणजे सेवानोंद बदलल्याचा पुरावा, तिची प्रत मागून घ्या. तिच्या आधारे दुरुस्ती पीपीओ निघते. भूदलाच्या पेन्शनचं ते काम प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयात होतं. मग ती माहिती स्पर्शवर दिसली पाहिजे. आमच्या बाबतीत पार्ट टू ऑर्डर निघाली आणि वडिलांना वाटलं झालं. चार महिन्यांनी स्पर्श उघडलं तर तिथे सुनीताच. पुन्हा पत्र, पुन्हा फोन. तेव्हा तीनही ठिकाणी स्वतः बघा.

जन्मतारखेची कोरी जागा सोडायची नाही. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या बाईचं वय ८० झालं की २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. नोंदीत तारीखच नसेल तर ती ८० ची झाली हे यंत्रणेला कसं कळणार? आपल्या आयांची तारीख बहुधा गुरुजींनी लावलेली १ जून असते. असू दे, कागदोपत्री तीच खरी. अपंग मुलाचं नाव नोंदीत नसेल तर तेही सैनिक हयात असतानाच घालून घ्या, नंतर बाईच्या एकटीच्या मागे फार धावपळ लागते.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख मात्र वेगळी गोष्ट. भरतीच्या वेळी लिहिलेली तारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल अशी आशा ठेवू नका. नोकरीच्या अखेरीस अशी मागणी मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलंय. तिथे आधारच फौजेच्या तारखेला जुळवून घ्यावं. अपंगत्वाची टक्केवारी किंवा डिस्चार्जचं कारण पटत नसेल तर ते कारकुनी दुरुस्तीत बसत नाही, त्याला अपिलाची वाट आहे.

उत्तरच आलं नाही तर

दोन महिने थांबून स्मरणपत्र. तरी शांतता असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक काय. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्या अनुभवात या पत्रानंच फाइल हलते. स्वतःच्या शीट रोलची (सेवेच्या नोंदपत्राची) आणि किंड्रेड रोलची (घरच्या माणसांच्या यादीची) प्रतही याच वाटेनं मागता येते. मूळ नोंद काय होती ते त्यात दिसतं. पेन्शन न मिळणाऱ्यांनी उशीर करू नये, त्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे.

लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. अर्जाला सहा महिने उत्तरच नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा. स्पीड पोस्टची पावती का टाचून ठेवायची ते इथे कळतं.

दुरुस्ती पीपीओ हातात आली की नाव, तारीख, नंबर पुन्हा त्या वहीशी ताडून बघा, मग ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड आणि बँकेची केवायसी. जुनी पीपीओ फेकू नका, नवी तिला जोडूनच वाचली जाते. आमच्या ट्रंकेत दोन्ही एकाच पिशवीत आहेत, वर आईच्या आधारची झेरॉक्स.