अंगणातल्या मेपलची साखर आणि वड्या

कॅनडाचा पूर्व भाग आणि अमेरिकेचा ईशान्य कोपरा इथे फेब्रुवारीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मेपलच्या झाडांना रस सुटतो. आज आपल्याला मेपल म्हटलं की बाटलीतला पातळ पाक, म्हणजे सिरप आठवतं. पण या रसाचं जुनं रूप साखरेचं आहे. तिथले मूळ रहिवासी असलेले अनिशिनाबे लोक रस आटवून लाकडी डोणीत घोटून त्याची रवाळ साखर करत आणि बर्च नावाच्या झाडाच्या सालीच्या डब्यांत भरून ठेवत. पाक लवकर बिघडतो, कोरडी साखर वर्षभर टिकते, एवढा साधा हिशोब त्यामागे होता. पुढे युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांनीही मुख्यतः साखरच केली. १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांना लिहिलेल्या पत्रात मेपलच्या साखरेचा जोरदार पुरस्कार केला. वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या श्रमावर निघायची, तिला हा पर्याय होईल अशी त्यांना आशा होती. उसाची साखर स्वस्त झाली तेव्हा कुठे मेपलच्या पाकाचे दिवस आले.

तुमच्या घराभोवती मेपल असतील आणि यंदा रस काढायचा विचार असेल, तर माझं एकच सांगणं आहे: हंगामातला पहिला रस साखरेसाठी आणि वड्यांसाठी राखून ठेवा. नंतरच्या रसाचा पाक करा. असं का, ते पुढे येईलच.

झाड आणि भोक

झाडं शरद ऋतूत, पानं असतानाच ओळखून त्यांना फीत बांधून ठेवावी. हिवाळ्यात सगळे बुंधे सारखेच दिसतात. सगळ्यात गोड रस शुगर मेपलचा. त्याच्या पानाला बहुधा पाच टोकं असतात, टोकांमधल्या खाचा गोलसर असतात आणि कडा गुळगुळीत असते. तांबड्या मेपलच्या पानाची कडा करवतीसारखी दातेरी असते. त्याचाही रस चालतो, फक्त साखर कमी भरते. छातीच्या उंचीवर बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजा. तो निदान ९५ सेंटिमीटर भरला तरच झाडाला हात लावावा. त्याहून बारीक झाडाला वाढू द्यावं.

तोट्या ८ मिलिमीटरच्या मिळतात, त्याच मापाचं स्वच्छ ड्रिल घ्या. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, किंचित वरच्या दिशेने, ४ ते ५ सेंटिमीटर खोल भोक पाडा. तिरपं पाडल्याने रस आत न साचता बाहेर ओघळतो. ड्रिलबरोबर येणारा भुसा पांढरट असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी असेल तर ते मेलेलं लाकूड, तिथून रस यायचा नाही. तोटी हातोडीने हलकेच ठोकायची. जोरात ठोकली तर साल चिरते आणि रस कडेने गळत राहतो. बादली अन्नासाठी चालणारी आणि झाकणाची हवी. जुन्या बाजारात मिळणाऱ्या शोभिवंत पत्र्याच्या बादल्यांच्या सांध्यांत शिसं असू शकतं, त्या नकोत.

रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंश वर, असं हवामान लागतं. गारठ्यात खोडातला वायू आकसतो आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं. दिवसा ऊब आली की आत दाब वाढतो आणि रस भोकावाटे बाहेर येतो. सलग थंडी किंवा सलग ऊब पडली तर बादली कोरडीच राहते.

आटवणं

ताजा रस दिसायला पाण्यासारखा असतो आणि चवीलाही जवळपास तसाच. उसाच्या रसात साखर पंधरा-वीस टक्के असते, मेपलच्या रसात जेमतेम दोन. त्यामुळे ४० लिटर रस आटवला तर १ लिटर पाक मिळतो आणि त्या पाकाची सुमारे ९०० ग्रॅम साखर होते. एका तोटीतून अख्ख्या हंगामात साधारण एवढाच रस येतो, म्हणून दोन-तीन झाडं तरी हवीत. रस दुधासारखा नासतो. बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत, शक्यतो त्याच्या आधीच उकळा.

उकळायचं मात्र घराबाहेर. ४० लिटरमधलं ३९ लिटर पाणी वाफ होऊन जाणार आहे. स्वयंपाकघरात हा उद्योग केलात तर भिंतींवरून पाणी ओघळेल. परसात विटांची चूल किंवा गॅसची मोठी शेगडी मांडा. भांडं उंच नको, पसरट परात हवी, म्हणजे वाफ भराभर निघते. पातळी खाली गेली की थोडा थोडा रस घालत राहा. फेस उतू जायला लागला तर लोण्याचा एक थेंब पुरतो. रंग सोनेरी झाला आणि बुडबुडे बारीक, दाट झाले की भांड्यापासून हलू नका, कारण शेवटची काही मिनिटं फार घाईत जातात.

त्याच दिवशी त्याच थर्मामीटरने साधं पाणी किती अंशांना उकळतं ते आधी बघून ठेवा. हवेचा दाब आणि गावाची उंची यांनी तो आकडा बदलतो आणि पुढची सगळी मापं त्यावरच आहेत. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ अंश सेल्सिअस वर गेलं की पाक झाला. तो गरम असतानाच जाड लोकरी गाळणीतून गाळा. तळाशी बसणारा बारीक गाळ हा रसातल्या खनिजांचा असतो. अपायकारक नाही, पण वडीत कचकच लागते.

वड्या

आता पहिल्या रसाचं कारण. हवा तापू लागली की रसात सूक्ष्मजीव वाढतात आणि ते मूळ साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. असा पाक गडद, चवीला दमदार होतो, पण त्याचे स्फटिक नीट जमत नाहीत आणि वडी चिकट राहते. वड्यांना फिकट सोनेरी पाकच हवा.

अर्धा लिटर पाक खोल पातेल्यात घ्या. फेस चौपट वर येतो, म्हणून पातेलं मोठंच हवं. मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळू नका. कडेला उडालेले थेंब ओल्या ब्रशने पुसून घ्या, नाहीतर त्यातला एखादा कण आत पडून सगळा पाक अवेळी रवाळ होतो. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या १५ ते १७ अंश वर, म्हणजे समुद्रसपाटीला ११५-११७ अंशांवर, गॅस बंद करा. आपल्या भाषेत हा गोळीबंद पाक. मुलांना या वेळी जवळ येऊ देऊ नका, हा पाक कातडीला चिकटून भाजतो.

पातेलं आता अजिबात हलवायचं नाही. पाक ८० अंशांपर्यंत निवू द्या. हीच खरी कसोटीची वेळ. गरम असतानाच घोटायला घेतलात तर मोजके मोठे स्फटिक धरतात आणि वडी खरखरीत होते. निवल्यावर घोटलं तर असंख्य बारीक स्फटिक एकदम जमतात आणि वडी जिभेवर विरघळते. लाकडी उलथन्याने एका लयीत घोटत राहा. आधी पाक नितळ, चकचकीत आणि जड लागेल. मग कडेने फिकट धुरकट रेषा दिसू लागतील, रंग उजळत जाईल आणि चकाकी एकाएकी मंदावेल. तेवढ्यात साच्यात ओता. जरा उशीर झाला तर पाक पातेल्यातच बसतो. साचे सिलिकॉनचे असले तर वड्या सहज सुटतात. अर्ध्या तासाने काढून जाळीवर रात्रभर सुकवा.

गुढीपाडवा बरोबर याच हंगामात येतो. ओतण्याआधी साच्यांवरून एक जाड दोरा टाकून ठेवलात तर गुढीला मेपलची साखरगाठी होते. तांबूस रंगाची असते, पण गुढीवर फार शोभून दिसते.

बाहेर ताजा बर्फ असेल तर पाक ११२-११३ अंशांवर असताना पळीभर त्यावर ओतून बघा. चामट, लवचिक पट्टी तयार होते. कॅनडातल्या क्युबेकमध्ये ती काडीवर गुंडाळून खातात आणि अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तिच्याबरोबर डोनट आणि आंबट लोणच्याची काकडी देतात. आंबट-गोडाची ती जोडी आपल्या जिभेला लगेच पटते.

साखर

साखरेला पाक आणखी पुढे न्यायचा, १२२ ते १२५ अंशांपर्यंत. इथे वड्यांचा नियम उलटा होतो. फार निवू द्यायचं नाही. दोन-चार मिनिटं थांबून, पाक चांगला गरम असतानाच जोरात घोटायला लागा. तो घट्ट होतो, मग वाफ सोडत कोरडा पडतो आणि ढेकळं फुटून रवा मोकळा होतो. हात थांबला तर सगळ्याचा एक दगड बसतो, म्हणून मदतीला दुसरं माणूस असलेलं बरं. गार झाल्यावर चाळून घ्या, उरलेल्या गाठी मिक्सरमधून फिरवा. ही साखर नेहमीच्या साखरेच्या मापानेच वापरता येते.

वड्या आणि साखर दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. घाणा बिघडला, म्हणजे वडी जमलीच नाही किंवा पातेल्यात दगड झाला, तरी काही फुकट जात नाही. थोडं पाणी घालून मंद आचेवर विरघळवा आणि पुन्हा त्याच आकड्यापर्यंत चढवा.

झाडांच्या कळ्या फुगू लागल्या की रसाला उग्र वास येतो. तेव्हा तोट्या काढून घ्या. भोक बुजवायचं नाही, झाड ते स्वतःच भरून काढतं. पुढच्या वर्षीचं भोक मात्र जुन्यापासून चांगलं वीतभर बाजूला आणि थोडं वर-खाली पाडा.