खिशातल्या टॉर्चसाठी एलईडीची जोडी कशी निवडावी

गिरगावातल्या जुन्या चाळींत मी वायरिंगची कामं करतो. जिन्याखालच्या अंधाऱ्या मीटरपेटीत स्वस्त टॉर्चच्या निळसर उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसते. म्हणून आधी सीआरआय बघा, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण; ल्युमेन, म्हणजे एकूण उजेड किती, ते नंतर. ९० च्या वर हवाच. निचिया कंपनीची ५१९ए ही एलईडी, ४५०० केल्विनची, माझी पहिली पसंती. केल्विन म्हणजे उजेडाची छटा: आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर.

तीन एलईडींची टॉर्च असेल तर तिन्ही ५१९ए घाला, हाताजवळच्या कामाला याहून चांगलं काही नाही. लांबचं बघायचं असेल, म्हणजे गच्चीवरून पाण्याची टाकी वगैरे, तर ऑसराम कंपनीची एखादी डब्ल्यू१ एलईडी घ्या. चिप इवलीशी, त्यामुळे झोत लांब जातो. पण रंग फिके दिसतात.

आता महत्त्वाचं. वेगवेगळ्या जातीच्या एलईडी एकाच चॅनेलवर, म्हणजे करंटच्या एकाच वाटेवर, समांतर जोडू नका. जिचा फॉरवर्ड व्होल्टेज (पेटायला लागणारा व्होल्टेज) कमी, ती जास्त करंट ओढते आणि तीच आधी तापते. दोन चॅनेलचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना करंट पुरवणारं सर्किट, घ्या, नाहीतर एका जातीच्याच लावा.

दोन चॅनेल असतील तर २७०० आणि ५७०० केल्विनची जोडी फार सुंदर जमते. मधल्या मिश्रणात किंचित गुलाबी छटा येते, त्यात माणसाची त्वचा छान दिसते. रात्री दिवे गेले की पिवळी, २७०० ची बाजू लावा, झोपलेल्यांना त्रास कमी होतो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना एलईडी बसवायची पट्टी तांब्याची मागा, अॅल्युमिनियमची नको. एलईडीचा मधला पॅड थेट तांब्यावर बसलेला हवा, तरच उष्णता नीट बाहेर पडते.