जुनं सागरी पेट्रोल इंजिन: ओळख आणि दुरुस्ती

इंजिनावरची नाव-क्रमांकाची पितळी पाटी गायब असेल तरी तिच्या स्क्रूंची भोकं शिल्लक असतात. त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवा. अनुक्रमांक बहुधा फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) कडेवर ठोकलेला सापडतो. तिथे ग्राइंडर अजिबात नको, रॉकेल आणि पितळी ब्रश पुरे. ओतीव कामातले उठावदार आकडे म्हणजे त्या भागाचा क्रमांक, इंजिनाचा नव्हे. इथेच बरेच जण फसतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजल्यावर मॉडेल नक्की करणं सोपं जातं.

पिस्टन जाम असेल तर घण घालू नका, ओतीव लोखंड तडकतं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून सिलिंडरमध्ये ओता, आठवडाभर मुरू द्या (अॅसिटोन पेट घेतं, ज्योत लांब ठेवा). मग लाकडी ठोकळ्यावरून हलके ठोके द्या.

खरी परीक्षा वॉटर जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवती थंड करणारं पाणी फिरतं त्या पोकळीची. खाऱ्या पाण्याने भिंत आतून खाल्लेली असते आणि वरचा रंग ते लपवतो. गाळ खरवडा, हातपंपाने पाण्याचा माफक दाब द्या, ओल कुठे फुटते ते पाहा.

दोन-स्ट्रोक इंजिनात मेन बेअरिंग (क्रँकशाफ्टला, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याला, आधार देणारं) झिजलं की क्रँककेसमधून (त्या दांड्याभोवतीच्या बंद पेटीतून) हवा गळते आणि ठिणगी उत्तम असूनही इंजिन धरत नाही. मेक-अँड-ब्रेक इग्नायटरमधला (सिलिंडरच्या आत दोन टोकं जुळवून-तोडून ठिणगी पाडणारा जुना भाग) अभ्रकाचा वॉशर तेलकट किंवा तडकलेला असेल तर बदला.

पहिली चाचणी नावेबाहेर, उघड्यावरच घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, नावेच्या तळाशी साचते.