मानसशास्त्राच्या मुलांना पेपरातलं इंग्रजी कसं शिकवावं

कोल्हापुरात मानसशास्त्रात एम.ए. करायला येणारी बरीच मुलं गडहिंग्लज, राधानगरी, चंदगड, शाहूवाडीकडची असतात. बी.ए. मराठीतून झालेलं, पण विषय पक्का. मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहून मुलंही तसंच करतात, हा बंडुराचा प्रयोग विचारा, घडाघडा सांगतील. संशोधनाचा इंग्रजी पेपर हातात दिला की मात्र पहिल्याच परिच्छेदात अडतात. मग आपण काय करतो, तर काळांचे तक्ते आणि 'प्रयोग बदला' पुन्हा सुरू करतो. मी इंग्रजीच शिकवते आणि व्याकरण मला मनापासून आवडतं, तरी सांगते, तिथून सुरुवात करू नका. जे मानसशास्त्र त्यांना आधीच येतं, त्याला धरून इंग्रजी शिकवा.

म्हणून पहिला पेपर ओळखीचा घ्यावा. मी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा घेते. पेपर वाटण्याआधी मराठीत विचारते, 'ताराराणी चौकात दोन गाड्या एकमेकींना घासल्या, वेग किती असेल?' दुसऱ्या बाकाला तेच विचारायचं, फक्त 'घासल्या'च्या जागी 'आदळल्या' म्हणायचं. आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग जागा होतो. मग पेपर उघडायचा. लॉफ्टस-पामरनी अपघाताच्या फिल्म दाखवून हेच केलं होतं. 'स्मॅश्ड' विचारल्यावर सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या आसपास, 'हिट'ला ३४ आणि 'कॉन्टॅक्टेड'ला जेमतेम ३२. आशय माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ मुलं स्वतःच लावतात, डिक्शनरीसाठी दर ओळीला थांबत नाहीत.

वाचायचा क्रमही सांगावा लागतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ वाचायचं नाही. आधी ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सारांश, मग मेथड म्हणजे प्रयोग कसा केला ते, मग तक्ते आणि आलेख, त्यानंतर डिस्कशन. इंट्रोडक्शन सर्वांत शेवटी, कारण दुसऱ्यांच्या संशोधनाचे संदर्भ तिथेच दाटलेले असतात आणि वाक्यंही लांबलचक असतात.

लिहायला मेथडपासूनच बसवा. तिथलं इंग्रजी सर्वांत सोपं असतं, भूतकाळ आणि कर्मणी. 'पार्टिसिपंट्स वेअर आस्क्ड' ही रचना मुलांना परकी वाटायचं कारण नाही. 'विचारण्यात आले', 'आढळून आले' हे मराठी वर्तमानपत्रात ती रोज वाचतात. हे एकदा दाखवून दिलं की कर्मणीची भीती जाते. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये स्ट्रूपचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. रंगाचं नाव वेगळ्याच रंगात छापलेलं, आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. त्याचीच मेथड अर्धं पान लिहायला सांगा. कोण होते, किती होते, काय दाखवलं, वेळ कशी मोजली. एवढंच.

आता ज्यावर सर्वांत जास्त तास खर्च करावेत ते, म्हणजे दाव्याचं वजन. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हे वाक्य हमखास सापडतं : 'धिस स्टडी प्रूव्ह्ज दॅट मोबाइल यूज कॉजेस स्ट्रेस.' व्याकरणात खोट नाही, आणि तरीही वाक्य चूक आहे. मी ते फळ्यावर लिहून एकच विचारते, 'तुम्ही काय मोजलंत?' उत्तर येतं, प्रश्नावली भरून घेतली, सहसंबंध काढला. 'मग कारण कुठून आलं?' वर्ग शांत होतो, कारण सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात एवढंच, कार्यकारण नव्हे, हे त्यांनी परीक्षेत लिहिलेलं असतं. मग वाक्य सगळे मिळून दुरुस्त करतात. 'प्रूव्ह्ज' जातं. 'कॉजेस' जातं. शेवटी उरतं : 'इन धिस सॅम्पल, लाँगर मोबाइल यूज वॉज असोसिएटेड विथ हायर स्ट्रेस स्कोअर्स.' कुणात दिसलं, काय दिसलं, किती ठामपणे म्हणता येतं, सगळं एका वाक्यात आलं. मग क्रियापदांची उतरंड लावून घ्यायची. 'शोज'पेक्षा 'सजेस्ट्स' सौम्य, आणि 'मे' लावलं की आणखी सौम्य. प्रत्येक क्रियापदाला कोणता पुरावा पुरेल, हे मुलांनी ठरवायचं. इथे इंग्रजीचा तास आणि संशोधनपद्धतीचा तास एकच होतो. म्हणून हा तास मानसशास्त्राच्या सरांबरोबर किंवा मॅडमबरोबर मिळून घेता आला तर जरूर घ्या.

शब्दसंग्रहासाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली शैक्षणिक शब्दांची यादी आहे, ५७० शब्दकुटुंबांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची. ती अख्खी पाठ करायला देऊ नका. वाचलेल्या पेपरात त्यातले जे शब्द आले तेवढेच घ्या, आणि तेही पुन्हा पुन्हा वाचून नाही, तर वही मिटून आठवून. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग मुलांना माहीत असतो. पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा चाचणी दिलेल्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. अभ्यासक्रमातली गोष्ट स्वतःच्या अभ्यासाला लावायची ही चांगली संधी आहे.

स्वतःच्या शब्दांत लिहायला शिकवताना पेपर मिटून ठेवायला सांगा. खर्डेकर ग्रंथालयाबाहेर कट्ट्यावर दोघांना बसवावं. एकाने परिच्छेदातला मुद्दा मराठीत सांगायचा, दुसऱ्याने शंका काढायच्या, मग दोघांनी आपापलं इंग्रजीत लिहायचं आणि शेवटी मूळ उघडून ताडून बघायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांवर साम्य निघालं तर तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. हे मुलांना पहिल्या वर्षीच सांगा, प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात नको. भाषांतराचं ॲप वापरू द्यायला माझी हरकत नाही, पण स्वतःचा पहिला मसुदा झाल्यावर.

संदर्भ कसे द्यायचे ते सांगणारं एपीएचं (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पुस्तक आहे, त्याची सातवी आवृत्ती २०१९ ची. तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर') लिहायचं. बाकी नियम पुस्तक शेजारी ठेवून बघता येतात, त्यावर तास घालवू नका. एक मात्र पहिल्या दिवसापासून पाळायला लावा : 'स्किझोफ्रेनिक' नाही, 'पर्सन विथ स्किझोफ्रेनिया'. ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांचा मान त्यात आहे.

तपासताना पहिल्या मसुद्यावर दाव्याच्या क्रियापदांखेरीज कशालाही खूण करू नका. दुसऱ्यावर काळ आणि वाक्यरचना. 'ए', 'ॲन', 'द' शेवटच्या प्रतीवर बघा. मराठीत ती नसतात, त्यामुळे चुकणारच, आणि आधीच सगळं पान लाल केलं की मूल पुढच्या वेळी चारच ओळी लिहून आणतं.