पाहुण्यांना सिंहगडावर न्यायचंय? आधी गाडीचं ठरवा

रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढायचा म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी तुळशीबागेतून चालायचं. पाहुण्यांना गड दाखवायचा असेल तर कल्याण गावाकडून चढा. सातारा रस्त्यावर खेड शिवापूरला वळायचं, कोंढणपूर, मग कल्याण. त्या वाटेला गर्दी फारच कमी.

पण गाडीचं काय? कल्याणकडून चढून आतकरवाडीला उतरायचं, तर गाडी डोंगराच्या पलीकडे राहते. मागच्या खेपेला मी नेमकं हेच विसरलो आणि पाहुण्यांना टळटळीत उन्हात बसवून जीपवाल्याशी घासाघीस करत बसलो. तेव्हा एक तर आल्या वाटेनंच उतरा, नाहीतर गाडी वळसा घालून आणणारा माणूस आदल्या रात्रीच पक्का करा. ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणू नका. कॅबच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

पाणी, टोपी घ्यालच. पाहुण्यांच्या बुटांचे तळवे मात्र उलटे करून बघा. गुळगुळीत असतील तर आपल्या घरातले बूट द्या. सुटे पैसे ठेवा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहे. उजाडताना चढायला लागा. आणि गाडीवाल्याला निघताना पुन्हा फोन. हो, पुन्हा.

कल्याण दरवाज्यात घाई नको. एकामागे एक दोन दरवाजे आहेत. तिथला शके 1672 चा, बाळाजी बाजीरावांच्या कारकिर्दीचा लेख दाखवा. स्वच्छ हवेत राजगड-तोरणाही दिसतात. तानाजींची गोष्ट पाहुणे विचारणारच, तेव्हा नीट वाचून जा: साल 1670, किल्लेदार उदेभान. घोरपडीची कथा सांगायची तर दंतकथा म्हणूनच सांगा. राजाराम महाराज 1700 मध्ये याच गडावर वारले, तेही सांगायचं राहू नये.

टिळकांचा बंगला, देवटाकं, वेळ असेल तसं. भजी थोडीच. गाडी कुठे पोचली ते वरूनच विचारा, खाली उतरून नव्हे. उतरताना मुरूम निसटतो, पाहुण्यांना मधे ठेवा, पुढे आपण. पाऊस असेल तर हा सगळा बेतच रद्द, सरळ घाटरस्त्यानं जा.